सोळा तुकड्यांची आगबोट

सूड घ्यायचं उझ्माने आठवीतच ठरवलं होतं. कसा घ्यायचा, हे तेवढं नववीपर्यंत सुचलं नव्हतं.

आठवीत झालं होतं ते असं. मोनिकाला कावीळ झाली म्हणून उझ्माने तिला आपली निबंधाची वही दिली. मोनिकाने निबंध शब्द न् शब्द उतरवला आणि एक दिवस आधी मॅडमकडे देऊनही टाकला. मोनिकाचं अक्षर मोत्यासारखं, उझ्माचं मुंग्या पळाल्यासारखं. चोर कोण, ते कौशल्या मॅडमनी अक्षरावरूनच ठरवलं. अख्ख्या वर्गासमोर उझ्माकडून तीनदा वदवून घेतलं, "मी कॉपी केली." तेव्हापासून तिचं नाव पडलं झेरॉक्स. मोशीच्या बसमध्येसुद्धा मागून कुणीतरी ओरडायचं, "ए झेरॉक्स, एक प्रत काढून दे की!"

यंदा भूगोलाच्या प्रदर्शनात मॅडमनी नेमकी या दोघींचीच जोडी लावली. विषय, जगातलं एखादं जुनं बंदर. उझ्माने किसुमू निवडलं. केनियातलं हे बंदर समुद्राकाठी नव्हतंच मुळी, व्हिक्टोरिया नावाच्या अफाट तळ्याकाठी होतं! वाचता वाचता तिला त्या गावाचं वेडच लागलं. मोंबासाहून निघालेली रेल्वे १९०१ साली तिथे येऊन थांबली, पुढे युगांडाला जायचं तर आगबोटीने. रेल्वेच्या कामाला आपल्याकडची माणसं गेली, मागोमाग दुकानदार गेले. आणि आता तिथे जलपर्णी इतकी माजते की होड्या अडकून पडतात. "अब्बा, डिट्टो आपली इंद्रायणी!"

पण तिचा जीव जडला तो तिथल्या पहिल्या आगबोटीवर. रेल्वे पोहोचायच्या आधीच ती सुट्या भागांत आली होती, हमालांच्या डोक्यांवरून, आणि तळ्याकाठी जोडली गेली होती.

उझ्माचे अब्बा अय्याज चाकण रोडला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवायचे. ते म्हणाले, "मग आपलीही तशीच करू. सुटी."

बापलेकींनी पत्र्याचे सोळा तुकडे कापले. वर्कशॉपच्या रिवाजाप्रमाणे उझ्माने प्रत्येक तुकड्यावर पंच नावाच्या टोकदार हत्याराने टिंबं ठोकली. तळाच्या पट्टीवर एक टिंब, धुराड्यावर सोळा. टिंबं मोजायची आणि त्याच क्रमाने जोडत जायचं. "कागद हरवतो, बेटा," अब्बा म्हणाले. "टिंब कुठे जातंय?"

शुक्रवारी शाळेत सजावट होती. मोनिकाने एक तुकडा उचलून नाक मुरडलं. "ई, ही खरूज कसली उठलीय पत्र्याला?"

उझ्माच्या डोक्यात तेव्हाच लख्ख उजेड पडला.

"असंच. डिझाईन आहे."

"शी! मी सोनेरी टेप लावते त्यावर. आणि उद्या बोलणार मी हं. तू नुसती बाजूला उभी राहा."

"लाव की. बोल की." उझ्माने टेप कापायला स्वतः कात्री धरली. सोळाच्या सोळा तुकड्यांवरची टिंबं झाकली गेली. मग तिने बोट जोडली आणि पाना पिशवीत टाकून घरी नेला.

शनिवारी परीक्षक म्हणून आले नानासाहेब. मूळ मोशीचे, कंपनीच्या टूलरूममध्ये जन्म गेलेला माणूस. मोनिकाने किसुमूची माहिती अशी घडाघडा म्हटली की टाळ्या पडल्या. नानासाहेबांनी बोट उचलून उलटीपालटी केली.

"ब्येस! कुनी केली गं?"

"मी, सर," मोनिका म्हणाली. "हिने जरा मदत केली. रंगबिंग."

उझ्मा याच वाक्याची वाट बघत होती.

"नानासाहेब, ही सुटी होते. किसुमूला खरी आली होती ना, तशी. मोनिका जोडून दाखवेल." आणि कुणी काही म्हणायच्या आत तिने पिशवीतून पाना काढून चार बोल्ट सैल केले. बोट खळखळून टेबलावर पसरली.

मोनिकाने आधी धुराडंच उचललं. तेच सगळ्यांत सुंदर होतं.

"धुराडं आधी? हवेत बसवतीस व्हय, पोरी?"

सगळे हसले. मोनिकाने एक तुकडा दुसऱ्याला लावून बघितला, मग तिसऱ्याला. तळवे सोनेरी झाले, घाम फुटला, तरी दोन तुकडे काही जुळेनात. उझ्मा हाताची घडी घालून बघत राहिली. घाई कसली होती? तिने वर्षभर दम धरला होता.

"मी करू?" शेवटी तिने विचारलं. टेपवरून बोट फिरवून टिंबं चाचपायची आणि तुकडा बसवायचा. एक. दोन. तीन. बघता बघता बोट उभी राहिली. बाकी राहिलं फक्त धुराडं.

नानासाहेबांनी टेपची एक पट्टी सोलली. "आरं तिच्या, पंचमार्क! आन् त्यावर ह्या टिकल्या कुनी डकवल्या?"

"मोनिकाने," उझ्मा म्हणाली. "तेवढं खरंच तिने केलंय."

कौशल्या मॅडमचा चेहरा उतरला. "मोनिका, मागच्या वर्षीचा निबंध कुणाचा होता?"

मोनिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. "उझ्माचा. मी कॉपी केली."

"बरं, बस खाली."

"मॅडम," उझ्मा म्हणाली, "तीनदा."

"उझ्मा, अगं, रडतेय ती."

"मीही रडत होते. तेव्हा तुम्ही मोजत होतात."

मॅडमनी मान खाली घातली. "मोनिका, आणखी दोनदा."

"मी कॉपी केली."

उझ्माने धुराडं जागेवर ठेवलं.

"मी कॉपी केली."

उझ्माने बोल्ट करकचून आवळला, पाना खाली ठेवला आणि नानासाहेबांकडे वळली.

"तर किसुमू! नानासाहेब, पहिली गंमत म्हणजे हे बंदर समुद्राकाठी नाहीच..."