‘येतो’ म्हणाले बाबामियाँ

मित्रांनो, मी एक जुनी कचेरी आहे. ओमानच्या किनाऱ्यावर, सहम शहराजवळच्या एका गावात उभी आहे. उभी कसली, अर्धी उरले आहे, आणि मला त्याचा राग आहे.

माझ्या भिंती मातीच्या विटांच्या, छत खजुराच्या खोडांचं. दार मात्र तुमच्या मुलखातून गलबताने आलेल्या सागवानाचं. त्या मोठ्या दारात एक छोटं दार होतं. शेठ असो नाहीतर कोळी, न्याय मागायला वाकूनच आत यावं लागे. ओट्यावर बसून काझीसाहेब पाटाच्या पाण्याचे तंटे ऐकत. इथे दिलेला शब्द मोडायला भलेभले कचरत.

रत्नागिरीकडचे बाबामियाँ माझे गवंडी. दर हिवाळ्याआधी ते छताला नवा लेप देत, कारण इथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि मातीला खातो. काम करताना माझ्याशी बडबडत, “म्हातारे, तुला काय धाड भरलीय? मला पोचवून मगच पडशील.” त्यांच्याकडूनच मी मराठी शिकले, आणि तिथेच फसले.

नव्वदच्या दशकात रस्त्यापलीकडे सिमेंटचं कोर्ट झालं. काझीसाहेब तिकडे गेले, तेही मी सोसलं. मग एके सकाळी बाबामियाँनी माझं दार उतरवलं.

“किडलंय. नीट करून आणतो,” ते म्हणाले. भिंतीवर हात ठेवून पुढे म्हणाले, “येतो हां.”

मी खुळी, तो शब्द धरून बसले. दार नव्या कोर्टात शोभेला लागलं. बाबामियाँ त्याच कोर्टाला गिलावा करताना दिसत, पण इकडे मान वळवत नसत. हिवाळे आले, लेप आला नाही. छत खचलं आणि आत शेळ्या बसू लागल्या.

पुष्कळ वर्षांनी ते आले. हातात काठी, सोबत अल हैल या गावी राहणारी नात, निदा. रिकाम्या चौकटीपाशी ते सवयीने वाकले. मला गहिवरून आलं, खोटं कशाला बोलू? पण राग गेला नाही.

निघताना निदा अडखळत म्हणाली, “बाय, ओल्ड हाउस. मी जाते.”

“जाते म्हणू नये बाळा, अशुभ असतं. येते म्हणावं.”

“पण नाना, आपण परत येणार नाही ना?”

नातीचा हात धरून बाबामियाँ गाडीकडे गेले.

मित्रांनो, ‘येतो’ ही तुमची निरोप घ्यायची रीत आहे, हे मला त्या दिवशी कळलं. रीत गोड आहे. पण मागे राहणाऱ्याला ती कळतेच असं नाही. तो वाट पाहतो. म्हणून जुन्या भिंतीला असो की जुन्या माणसाला, ‘येतो’ म्हणालात तर या. नसेल जमणार, तर निदासारखं खरं सांगून जा.