मामांनी घासलेले तुकडे

सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी अ‍ॅल्युमिनियमच्या सातव्या तुकड्याने यंत्रात ताणण्या-सोडण्याच्या दोन लाख फेऱ्या पूर्ण केल्या. तुटायचं नाव नाही.

प्रयोगशाळेतल्या तपासनीस बाईला हे रुचलं नाही. पत्रा जुन्या फेरीबोटीच्या तळातून तपासणीसाठी कापून काढलेला, बारा वर्षं खाऱ्या पाण्यात मुरलेला. तो नव्यासारखा टिकतो म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. पहिल्या सहा तुकड्यांवरून ‘पत्रा सुस्थितीत’ असा अहवाल तिनेच काल पाठवला होता. सातवा फक्त नोंदीसाठी उरला होता. तीच बोट तळाला ठिगळ लावून आज बारा वाजता प्रवासी घेऊन सुटणार होती आणि सुकाणूवर तिचा थोरला भाऊ होता.

तिने तुकडा भिंगाखाली धरला. आरशासारखा लख्ख.

“मामा, हे घासलेत तुम्ही?”

मामा म्हणजे तुकडे कापून देणारे जुने कारागीर. “मग तसेच पाठवू? कळकट होते नुसते. माझ्या हातून खडबडीत माल गेलाय कधी?”

“तो कळकटपणाच तपासायचा होता. खारं पाणी धातूत बारीक खड्डे पाडतं, तडा तिथूनच निघतो. तुम्ही खड्डेच पुसलेत.”

“कागदावर लिहायचं तसं.”

“लिहिलं होतं.”

“मी कागद कधी वाचलाय?”

तुकडे न बघता यंत्रावर तिनेच चढवले होते. तिने भावाला फोन लावला.

“दादा, बोट सोडू नकोस. माझा अहवाल चुकलाय.”

“काल पास, आज नापास? लहानपणी पत्त्यांतही असाच डाव फिरवायचीस.”

“दादा.”

तो गंभीर झाला. “लेखी पाठव. नुसत्या तुझ्या शब्दावर थांबलो तर साहेब माझं डोकं खातील.”

तिने तीन ओळींत अहवाल मागे घेतला. बोटीच्या कार्यालयाला आणि भावाला तसं लेखी पाठवलं. मामांनी भंगाराच्या पेटीतून त्याच पत्र्याचा उरलेला भाग शोधला, कापला, नुसत्या पाण्याने धुतला. पॉलिशच्या चाकाकडे पाहिलंसुद्धा नाही. दहा अठ्ठावन्नला तुकडा यंत्रावर चढला.

अकरा बावन्नला आकडा चौसष्ट हजारांवर होता. एका खड्ड्याच्या काठातून केसाएवढा तडा निघाला होता आणि वाढत होता. कार्यालयाचं उत्तर आलं नव्हतं. भावाचा निरोप आला: प्रवासी चढलेत, साहेब फोनवर आहेत, दोर अजून बांधलेले आहेत.