धाकूचा पंचा, गौरवीचे केस

मी एक जुना पंचा आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो! माझा एक कोपरा फाटला आहे, किनारीचा लाल रंग उडाला आहे आणि पोटावर एक तपकिरी डाग आहे, हे मला ठाऊक आहे. त्या डागाविषयी सांगतोच. पण आधी हे ऐका, की पेडण्याच्या या घरात माझ्याइतका मऊ कोणी नाही. हे मी म्हणत नाही, गौरवी म्हणते.

माझा जन्म हातमागावर झाला. तेव्हा मी खळ लावलेला, कडक आणि जरा गर्विष्ठ होतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गौरवीच्या आजोबाने, धाकूने, मला विकत घेतले आणि तिथेच डोक्याला गुंडाळले. मग काय विचारता! काजूच्या बागेत आम्ही दोघे बरोबरच असायचो. तो बोंडे वेचायचा, मी त्याचा घाम टिपायचो. एकदा बोंडांचा रस माझ्यावर सांडला आणि तो डाग पडला. कितीही धुतला तरी तो गेला नाही.

धाकू गेला. त्याचा मुलगा अनंत पेडण्याच्या बसस्टँडवर मोटारसायकल पायलट आहे. म्हणजे बसमधून उतरलेल्या माणसांना मागच्या सीटवर बसवून तो घरोघर पोचवतो. त्याच्या लग्नात दोन जाडजूड टर्किश टॉवेल आले. गुबगुबीत, गुलाबी! तेव्हापासून मला कोणी विचारेना. शेवटी माझी रवानगी चिंध्यांच्या पिशवीत झाली. आज ना उद्या मोटारसायकलची चेन पुसायला निघायचे, एवढेच माझ्या नशिबी उरले होते. मला फार वाईट वाटायचे, खोटे कशाला सांगू?

अशातच अनंतची बायको रूपाली तुये गावातल्या फॅक्टरीच्या बसमधून उतरताना पाय घसरून पडली. उजव्या हाताला प्लास्टर बसले. आता प्रश्न आला गौरवीच्या केसांचा.

गौरवी त्यांची मुलगी, पाचवीत शिकणारी. लहानपणी तापाने तिचे सगळे केस गळले होते. पुन्हा उगवले तेव्हापासून तिने त्यांना कात्री लावू दिली नव्हती. आता ते कमरेखाली पोचले होते. त्यांची सगळी उस्तवार रूपालीच करायची.

"एका हातान माका जमाचा नाय," रूपाली म्हणाली. "पार्लरात व्हरून कापून टाकूया."

"माका नाका!" गौरवी रडकुंडीला आली.

"रडू नको गो बाय," अनंत म्हणाला. "मी धुतंय."

त्या रविवारी त्याने केस धुतले, पण कसे? रोज सकाळी मोटारसायकल धुतो तसे! बादलीभर कढत पाणी वरून ओतले, शांपूचा डोंगर केला, सगळे केस डोक्यावर गोळा करून खसाखसा चोळले. मग पिळले. वर त्या गुलाबी टॉवेलने असे रगडले की जणू मडगार्ड चमकवायचे होते. गौरवीच्या किंकाळ्या ऐकून रूपाली धावत आली.

"ओ, ती मोटारसायकल न्हय! चेडवाची तकली ती!" चेडू म्हणजे मुलगी आणि तकली म्हणजे डोके, मित्रांनो.

पण व्हायचे ते होऊन गेले होते. मानेमागे लिंबाएवढी गाठ बसली होती. रूपालीने कात्री मागवली. गौरवीने गाठ दोन्ही हातांनी झाकून धरली. अनंतचा चेहरा बघवत नव्हता.

"म्होरल्या आयतवारापर्यंत थांब," तो कसाबसा म्हणाला. "नाय जमला, तर मीच पार्लरात सोडतंय."

तो आठवडा मी पिशवीच्या तोंडातून डोकावून पाहिला. स्टँडवरून आला की अनंत बोटांना खोबरेल लावून बसायचा आणि ती गाठ केसाकेसाने सोडवायचा. रूपाली शेजारी बसून सांगायची, टोकाकडून सुरू करा, वरून ओढू नका. एकही केस न कापता गाठ सुटली, तेव्हा तिघेही हसले.

त्याच आठवड्यात एके दिवशी त्याने शांपूऐवजी जास्वंदीची पाने वाटून लावली. चांगला विचार होता, पण चोथा गाळायचे कोणाच्या ध्यानात आले नाही. हिरवे कण केसांत अडकले आणि गौरवी तशीच शाळेत गेली. मुलींनी दिवसभर तिच्या डोक्यावर गुरे चरायला बोलावली! घरी येऊन तिने चिंध्यांची पिशवी उपडी केली, मला बाहेर ओढले आणि गालाला लावून पाहिले.

"बाबा, ह्या मऊ आसा. ह्यातून गाळा."

मित्रांनो, माझ्या गालाला कितीतरी वर्षांनी कोणाचा गाल लागला होता.

मला उकळत्या पाण्यात धुतले, उन्हात वाळवले आणि रविवार उजाडला. केस कोरडे असतानाच अनंतने ते विंचरून मोकळे केले. भाणातल्या, म्हणजे पाणी तापवायच्या मोठ्या भांड्यातल्या, गरम पाण्यात गार पाणी ओतून आधी आपल्या मनगटावर पाहिले. जास्वंदीचा रस माझ्यातून गाळला आणि फक्त मुळांना बोटांच्या टोकांनी लावला. खालच्या केसांवरून तो आपोआप ओघळला. मग त्याने मला खळखळून धुतले, घट्ट पिळले आणि केसांभोवती गुंडाळले. घासले नाही, नुसते दाबले. मी पाणी पीत राहिलो. केस ओले असेतो कोणी फणीला हात लावला नाही.

वाळल्यावर केस सुळसुळीत मोकळे झाले. गौरवी अंगणात गरगर फिरली. आता कात्री कसली नि पार्लर कसले!

पण रूपालीने चपला घातल्या. "ओ, माका पार्लरात सोडा."

"आता कित्याक?" अनंत गोंधळला. "बायचे केस बरे जाले मगो."

"माजे कापूचे आसत."

तिने डोक्याचा स्कार्फ सोडला. आत एका हाताने कसाबसा बांधलेला, तेलकट, गुंतलेला अंबाडा होता. हात मोडल्यापासून ते केस नीट धुतलेच गेले नव्हते. घरात तिघे होते, पिशवीतून टकमक बघणारा मीही होतो, आणि आमच्यापैकी एकानेही विचारले नव्हते.

"सांगलंस कित्याक नाय?" अनंतने विचारले.

"एका तकलेनच तुमी दमलात. माजी खंय सांगू?"

अनंत लगेच वळला. तो मागच्या दारी जास्वंदीची पाने खुडायला गेला. गौरवीने आईचा चांगला हात धरून तिला पाटावर बसवले, अंबाडा सोडला आणि ओरडली, "बाबा, आईचे केस माज्यापरास लांब आसत!"

रूपाली हसली आणि तिला रडूही आले. ते डोळे आधी मी टिपले, केस नंतर.

मित्रांनो, तुमच्या घरातही सगळ्यांची उस्तवार करणारे कोणीतरी असेल. ते माणूस आपणहून काही मागणार नाही. आज त्याच्याजवळ बसा, आणि त्याला काय हवे ते तुम्हीच विचारा.