एक काना जास्त

थांबा जुना होता तोवर ताईचं त्याच्याशी छान जमायचं. फूटपाथच्या पातळीतला साधा थांबा, वर पत्र्याचं छप्पर. बस आली की ड्रायव्हर दारातली फळी खाली टाकायचा, ताई आपली चाकांची खुर्ची ढकलत आत जायची आणि छापखान्यापाशी तशीच उतरायची. मग कुणाच्या तरी डोक्यात सुधारणा शिरली. थांब्याचा ओटा वीतभर उंच केला, म्हणजे बस आणि ओटा एका पातळीत येतील. आलेही, अगदी दृष्ट लागावी असे. फक्त फूटपाथवरून त्या ओट्यावर चढायचं कसं, हा विचार करायचा राहून गेला. ज्यांचे पाय धड होते त्यांना तो ओटा दिसलासुद्धा नाही.

ताईचे पाय लहानपणीच्या आजारात गेले होते. जीभ मात्र शाबूत होती, आणि नजर तर विचारूच नका. छापखान्यात ती मुद्रितं तपासायची. लोकांचे पळालेले काने, चुकलेल्या वेलांट्या आणि आगंतुक अनुस्वार यांच्यावर तिचं पोट चालायचं. "ताईंच्या हाताखालून पान गेलं की आंघोळ करून आल्यासारखं दिसतं," असं मालक कौतुकानं म्हणायचे, आणि पगारवाढीचा विषय निघाला की हेच वाक्य पुन्हा म्हणायचे.

थांबा सुधारल्यापासून तिला चढवायला धाकटा भाऊ यायचा. हा पुलांच्या कामावरचा वेल्डर, चांगला दांडगा गडी, पण घरात त्याला अजून छोटूच म्हणायचे. सकाळी आधी ताईला खुर्चीसकट ओट्यावर ठेवायचा आणि मग स्वतःच्या कामावर धावायचा. परतीचा, रस्त्यापलीकडचा थांबा अजून कुणी सुधारला नव्हता, म्हणून संध्याकाळ सुखाची जायची.

"ताई, तू तिथे कागद तपासतेस की खातेस?" उचलताना तो दम टाकत विचारायचा. ताई हसायची. पण चारचौघांत सामानासारखं उचललं जाण्याचा तिला मनापासून तिटकारा होता.

तेवढ्यावर निभावलं असतं. पण एके दिवशी छोटू फोनवर बोलताना तिच्या कानावर पडलं. दूरच्या शहरात मोठ्या पुलाचं काम निघालं होतं आणि मुख्य वेल्डर म्हणून साहेबांना छोटूच हवा होता. छोटू म्हणत होता, "नाही जमणार साहेब. घरची अडचण आहे." अडचण म्हणजे कोण, हे कळायला ताईला शब्दकोश उघडावा लागला नाही.

"महिनाअखेरपर्यंत विचार कर म्हणालेत," पकडला गेल्यावर तो म्हणाला. "मी नाहीच म्हणणार आहे. सोड ना."

"नाही म्हणालास तर जन्मात बोलणार नाही तुझ्याशी."

"मग तर नक्कीच नाही म्हणतो. घरात शांतता तरी होईल."

ताईनं त्याच दुपारी फोन काढला आणि पालिकेकडे तक्रार धाडली. फापटपसारा तिला खपत नसे. थांब्याचं नाव, आणि खाली एकच वाक्य: इथे तातडीने उतार हवा.

उत्तर लगेच आलं, हेच नवल. सोबत एक कागद होता. थांबा कधी मंजूर झाला, लांबी किती, रुंदी किती, छप्पर कशाचं. खाली लिहिलं होतं, "मागणीनुसार उतारा जोडला आहे. तक्रार निकाली."

"उतार मागितला तर उतारा देतात!" ताई कडाडली. "वाचता येत नाही मेल्यांना?" तिनं आधीचंच वाक्य उचलून पुन्हा डकवलं आणि दणक्यात 'पक्का' हा शब्द जोडला. आठवड्यानं तोच कागद परत आला, या वेळी गोल शिक्क्यासह. आता मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिनं स्वच्छ लिहिलं, मला उतारा नको, उतार हवा. त्यावर उत्तर आलं, "अर्थबोध होत नाही. तक्रार निकाली."

आपली चेष्टा चाललीय, याबद्दल तिला शंका उरली नाही. महिना सरत आला होता. तिनं सुट्टी टाकली आणि छोटूला घेऊन थेट तक्रार विभाग गाठला.

खिडकीत चष्मा कपाळावर चढवलेल्या एक बाई बसल्या होत्या. ताईनं थांब्याचं नाव सांगताच त्यांनी चष्मा खाली घेतला.

"अगं बाई! त्या उताऱ्यावाल्या तुम्हीच का?"

"उतारा नाही हो, उतार! उतार मागतेय मी कधीची!"

"असं? मग हे तुम्हीच वाचा." बाईंनी कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला. "आमचं अख्खं ऑफिस दोन दिवस डोकं धरून बसलं होतं."

ताईनं वाचलं. मला उतारा नको, उतारा हवा.

तिनं पुन्हा वाचलं, या वेळी मुद्रित वाचतात तसं, अक्षर अक्षर. मग वरची दोन्ही वाक्यं वाचली. प्रत्येक ठिकाणी तो आगाऊ काना ताठ उभा होता. रोज लेखकांना 'तिसरा उतारा तपासा', 'शेवटचा उतारा गाळा' असं लिहून लिहून फोनला उताऱ्याची सवय लागली होती. तिनं उतार म्हटलं की तो आपल्या मनानं काना लावत होता. आणि जगाचे काने पकडणाऱ्या ताईनं स्वतःचं लिहिलेलं एकदाही वाचलं नव्हतं.

तिची कानशिलं तापली. धरणी दुभंगली असती तर ती खुर्चीसकट आत गेली असती. मग बाजूला फस्सकन आवाज झाला. छोटू तोंडावर हात दाबून हसत होता. बाई हसायला लागल्या, आणि ताईलाही हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली. मनावरचं मोठं ओझं उतरलं होतं. कुणी चेष्टा करत नव्हतं, कुणी वाईट नव्हतं. बिचाऱ्यांनी मागेल तितक्या वेळा उतारा दिला होता, शिक्का मारूनसुद्धा.

"उतारा म्हटलं की आमच्याकडे येतं," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "उतार रस्तेवाल्यांचा." आणि त्यांनी मागच्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "साहेब, उताऱ्यावाल्या बाईंना उतार हवाय!"

रस्त्यांचे इंजिनियर दुसऱ्याच दिवशी थांब्यावर आले. ओट्यापासून हातभर टेप धरून म्हणाले, "एवढ्यात बसेल."

"साहेब, ही घसरगुंडी झाली," ताई म्हणाली. "मला बसमध्ये जायचंय, बसखाली नाही."

इंजिनियर हसले आणि त्यांनी खडूची रेघ बरीच मागे नेली.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी, सिमेंट वाळलं त्या सकाळी, ताईनं छोटूला बजावलं, "तू परस्पर कामावर जा. आज मी एकटी." तो फारच पटकन हो म्हणाला.

उताराशी येऊन तिनं चाकांना जोर दिला. मध्यावर खुर्ची मंदावली, हात भरून आले. तिनं दात आवळून आणखी एक रेटा दिला आणि ती वर होती. रांगेतलं कुणी वळूनही पाहिलं नाही. तिला हेच तर हवं होतं. बस आली आणि ती सरळ आत गेली.

खिडकीतून पाहते तर समोरच्या पेपरच्या टपरीमागून पिवळं हेल्मेट डोकावत होतं. ताईनं फोन लावला.

"हं ताई, पोचलीस का?" अगदी साळसूद आवाज आला.

"टपरीमागून बाहेर ये. आणि डोळे पूस आधी."

"धूळ गेली गं." त्यानं नाक ओढलं. "ताई, खरंच जमेल ना तुला?"

"जमलंय. आत्ताच्या आत्ता साहेबांना फोन लाव."

"संध्याकाळी लावतो ना."

"छोटू!"

तिनं फोन ठेवला. बस सुटली. मागच्या काचेतून तिला तो दिसत राहिला. आधी नुसताच फोनकडे बघत उभा होता. मग त्यानं फोन कानाला लावला, आणि भररस्त्यात, साहेब समोर असल्यासारखा, जोरजोरात होकारार्थी मान हलवू लागला.