निसर्गमाईचा पांढरा रुमाल

छबूबाईंच्या कपाळावरून रुमाल फिरला आणि शालनबाईंच्या नव्या बंगल्याच्या हॉलमध्ये दाटीवाटीनं बसलेल्या बायका एकदम पुढं झुकल्या. रुमाल पांढराशुभ्र होता, सगळ्यांनी हात लावून पाहिलेला. नैसर्गिक लेप देणाऱ्या निसर्गमाईंनी तो तांब्याच्या घंगाळातल्या तीर्थात बुडवला, पिळला, छबूबाईंच्या उटणं फासलेल्या चेहऱ्यावरून कानापासून हनुवटीपर्यंत ओढला आणि वर धरला. त्यावर काळाकुट्ट पट्टा उठला होता, शाई सांडावी तसा.

"हे काय आहे, सांगा," माई म्हणाल्या.

त्यांनी रुमाल रांगेरांगेनं फिरवून दाखवला.

"हे तुमचं फेशियल. हे तुमचं रात्रीचं क्रीम आणि सकाळचं क्रीम. किती वर्षं लावतेस, बाळ?"

"झाली आसतील सात-आठ," छबूबाई म्हणाल्या. त्यांचं वय पंचावन्न होतं, पण माईंसाठी सगळीच बाळं होती.

"आठ वर्षांचं विष आहे हे. तुम्ही साबणानं वरचं धुता. आतलं कोण धुणार? केमिकल म्हणजे कलियुग. निसर्ग म्हणजे सत्ययुग. आपल्याला कुठल्या युगात राहायचंय ते आपण ठरवायचं."

मग लिंबाचं पाणी फिरवलं गेलं, चेहऱ्यावरचा काळा ओघळ क्षणात नाहीसा झाला आणि छबूबाई लख्ख दिसायला लागल्या. दाराशी एक मोठी बादली ठेवली होती. बायका उठल्या आणि पर्समधल्या ट्यूबा, डब्या त्यात टाकू लागल्या. परत जाताना प्रत्येकीच्या हातात एकच पांढरी डबी होती. एक लेप, एक पाणी, एक श्रद्धा. बाकी काही नको.

भोसरीत काळ्या कापडावर शंका घेणं अवघड. इथं वर्कशॉपमधून घरी निघालेला माणूस आधी तोंड पुसतो आणि फडकं काळं होतं. छबूबाई स्वतः एका वर्कशॉपमध्ये ग्राइंडिंगवर होत्या. फडकं काळं झालं म्हणजे अंगावर घाण होती आणि ती निघाली, हे इथं लहान मुलालाही कळतं.

तिसऱ्या रांगेत बसलेल्या सायलीलाही ते तसंच कळलं होतं. ती फिजिक्सची बी.एस्सी., चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात मोजमापं तपासायला. शालनबाई तिची सख्खी आत्या. सहा महिन्यांपूर्वी याच हॉलमध्ये तिच्या चेहऱ्यावरून रुमाल फिरला होता आणि असाच काळा झाला होता. आपल्या डोळ्यांनी पाहिलं की काय बोलणार? तशीही सात-आठ बाटल्यांच्या ओळीला ती कंटाळली होती. सगळं सोडून एकच साधी, नैसर्गिक वस्तू वापरावी, हे तिला मनापासून पटलं.

लेपानं कमालही केली. चार दिवसांत मुरमं बसली, पंधरा दिवसांत चेहरा काचेसारखा झाला. माईंनी तिचा फोटो मागितला आणि तिनं तो आनंदानं दिला. आठवड्यात भोसरीच्या चौकात फ्लेक्स लागला. डावीकडे मुरमांची सायली, उजवीकडे झळाळती सायली, खाली ठळक अक्षरं: 'सायन्सवाल्यांनीही मानलं.'

तिसऱ्या महिन्यात ती चुलत भावाच्या लग्नाला गावी गेली आणि डबी घरीच विसरली. दुसऱ्या दिवशी गाल तापले. चौथ्या दिवशी चेहरा लाल होऊन सुजला, पाणी लागलं तरी आग होऊ लागली. परत येऊन तिनं लेप लावला. सकाळी सगळं शांत.

"विष निघत होतं ते," आत्या म्हणाली. "तू मधीच थांबलीस. माईचा शब्द हाय, अर्धवट सोडलं की दुप्पट निघतं."

त्यानंतर तिनं आणखी दोनदा सोडून पाहिलं. दोन्ही वेळा तेच झालं. दुसऱ्या वेळी कंपनीच्या गेटवरच्या हजेरीच्या मशिननं तिचा चेहरा ओळखायलाच नकार दिला. मागे शिफ्टची रांग खोळंबली. सिक्युरिटीवाला म्हणाला, "मॅडम, जरा हसून बघा," आणि तिला हसताही येईना, कातडी ताणली की चिरायची. घरी आली आणि आईला, विमलबाईंना, काही न सांगता डबी उघडून बसली. लावल्यावर आग थांबली. आग थांबली म्हणून रडू आलं. आता डबी संपायच्या आधीच ती दुसरी आणून ठेवायची.

शेवटी सायली त्वचारोगतज्ज्ञ मृदुला डॉक्टरांच्या संत तुकाराम नगरातल्या दवाखान्यात गेली. त्यांनी भिंगातून गाल पाहिले, डबीतला लेप बोटावर घेऊन हुंगला आणि विचारलं, "किती दिवस लावतेस?"

"सहा महिने. पण हे नैसर्गिक आहे, मॅडम."

"नैसर्गिक असेल तर डबीवर काय काय घातलंय ते का नाही लिहिलेलं? हे बघ, लेप तपासायचा तेव्हा तपासू, पण चेहरा मला सांगतोय. ही कातडी पातळ झालीये, या बारीक लाल शिरा दिसतायत. यात जबर स्टिरॉइड असणार. खरूज-नायट्यावर चालतं असं समजून लोक दुकानातून आणतात, त्या जातीचं. पहिले दिवस चेहरा सुंदर दिसतो. थांबवलं की पेटतो. पेटला की माणूस परत लावतो."

"आणि परत लावलं की शांत होतो."

"म्हणून विश्वास वाढतो. यातून बाहेर काढता येतं, पण मी सांगेन तसं हळूहळू. काही महिने त्रास होईल. आहे तयारी?"

सायलीची तयारी नव्हती. तिच्या डोळ्यांपुढं तो काळा रुमाल होता. डॉक्टर अंदाज सांगत होत्या, रुमाल तिनं पाहिला होता. आणि समजा माईच बरोबर असल्या तर? इतका त्रास काढून आपण विष आतच ठेवलं तर?

उत्तर चाकणला मिळालं, तेही भलत्याच गोष्टीतून. सकाळच्या शिफ्टला सायली एका यंत्रभागाच्या भोकाचं माप घेत असताना लागोपाठ चाळीस नग नापास झाले. ऑपरेटर वैतागला, सुपरवायझर ओरडला, मशिन थांबवलं. तिचा सहकारी क्षितिज आला, त्यानं मापाचं यंत्र, गेज, हातात घेतलं आणि विचारलं, "झीरो कुणी लावला होता?"

कुणीच लावला नव्हता. मापाचं यंत्र आधी मास्टर रिंगमध्ये घालून पाहायचं असतं. तिचं माप पक्कं ठाऊक असतं. यंत्र तिलाच चुकीचं म्हणालं, तर यंत्र चुकलेलं. क्षितिजनं गेज रिंगमध्ये घातलं आणि काटा भलतीकडेच गेला. चाळीसही नग चांगले निघाले.

"मॅडम, तुम्ही पण राव," तो म्हणाला. "चाळीस वेळा मोजलं आणि एकदा पण मास्टरवर नाही बघितलं?"

सायली त्या रिंगकडे बघत राहिली. शेकडो चेहऱ्यांवरून रुमाल फिरला होता. प्रत्येक नवी बाई क्रीम लावणारी. ज्याला कधी काही लावलेलंच नाही, अशा कशावर तरी तो रुमाल कुणी फिरवून पाहिला होता का?

पुढच्या रविवारी हॉलमध्ये चेहऱ्यावर ओढणी घेऊन बसलेल्या सायलीला माईंनी स्वतःच पुढं बोलावलं. तिनं मधूनमधून लेप सोडल्याचं आत्यानं त्यांच्या कानावर घातलं होतं.

"या पोरीला शंका आली," माई प्रेमानं म्हणाल्या. "शिकलेल्यांना येते. बघू या, शंकेनं किती विष परत साचवलंय." त्यांनी उटण्याच्या दोन डब्यांपैकी डावीकडची उघडली.

"माई, माझ्या आधी याच्यावर करा," सायली म्हणाली. तिनं पूजेत फोडलेल्या नारळाचं अर्धं भकल उचललं. आतलं खोबरं पांढरंफेक होतं. "हे आत्ता फुटलंय. याला आजवर कुणाचं बोटसुद्धा लागलेलं नाही. कुठलं क्रीम नाही, साबण नाही. यातून विष निघायला नको."

हॉलमध्ये कुजबूज झाली. विमलबाई मागून दबक्या आवाजात म्हणाल्या, "सायले, बस खाली. चारचौघांत काय लावलंय?"

"रुमाल पांढरा निघाला तर मी जन्मभर लेप लावीन, आई. एका दिवसाचाही खाडा करणार नाही."

हे ती नुसतं बोलायचं म्हणून बोलली नव्हती. काय निघेल ते तिलाही माहीत नव्हतं. उटणं आणि तीर्थ माई हॉलच्या बाहेर जाऊ देत नसत, त्यामुळे घरी करून पाहायची सोयच नव्हती.

माई हसल्या. "बाळ, हा प्रसाद आहे. प्रसादाची परीक्षा घेतात का?"

"त्येच म्हनते मी," छबूबाई पुढच्या रांगेतून म्हणाल्या. "परसाद हाय म्हंजे चोख आसनार. मंग व्हऊ द्या की. आमाला बी कळंल चोख कसं दिसतं ते."

चार-पाच बायकांनी माना डोलावल्या. छबूबाई भाबडेपणानं बोलल्या होत्या, आणि त्यामुळेच माईंना त्यांना गप्प करता येईना. सायलीनं डावीकडच्या डबीतलं उटणं खोबऱ्याला फासलं, नवा रुमाल तीर्थात बुडवला आणि सगळ्यांना दिसेल असा खोबऱ्यावरून ओढला.

काळाकुट्ट पट्टा.

"नारळानं कुठलं फेशियल केलं होतं गं?" मागून कुणीतरी म्हणालं आणि एक बाई फिस्कन हसली.

"झाडाला फवारणी करतात," माई ताडकन म्हणाल्या. "खत घालतात. केमिकल आत उतरतं. म्हणून तर मी सांगते..."

"मग साध्या पाण्यानं पुसलं तरी निघेल," सायली म्हणाली. तिनं दुसऱ्या भकलाला तेच उटणं लावलं, नळावरून तांब्या भरून आणला आणि तिसरा रुमाल त्यात भिजवून फिरवला. रुमालावर फक्त उटण्याचा पिवळट डाग आला. "नारळ तोच, उटणं तेच. बदललं फक्त पाणी. म्हणजे काळं नारळात नाही, आणि आपल्या चेहऱ्यातही नाही."

छबूबाई उठल्या. त्यांनी डबीत बोट घातलं आणि सरळ जिभेला लावलं. तोंड वाकडं केलं.

"हिरडा हाय ह्यो," त्या म्हणाल्या. "माजं म्हायार आंबेगावच्या डोंगरातलं. ल्हानपनी हिरडा येचायचो आमी, फोडायचो. कोयत्याला लागला की पातं काळं, हात काळं. आठ-आठ दीस जायचं न्हाई. आई लिंबू चोळायची तवा निघायचं. हिरड्याला लोखंड लागलं की काळंच व्हतं. मेंदी न्हाई का भिजवत तुमी लोखंडी कढईत?"

सायलीनं घंगाळ कलतं केलं. तळाशी कापडाची पुरचुंडी होती आणि तिच्यात फिकट हिरवे खडे.

"हिराकस," ती म्हणाली. "म्हणजे लोखंडाचा क्षार. पाण्यात विरघळला की दिसत नाही. हिरड्याला भेटला की शाई होते, आणि लिंबाचं आंबट लागलं की शाई जाते. उजवीकडच्या डबीत नुसतं बेसन असेल. ज्यांनी लेप घेतला त्यांना ते लावायचं, म्हणजे त्या शुद्ध ठरतात."

शालनबाईंनी उजवी डबी उघडून उटणं खोबऱ्याच्या कोऱ्या कडेला लावलं आणि तीर्थाचा रुमाल फिरवला. काळं काही उठलं नाही. हॉल त्यांचा होता, पाहुणी त्यांची होती, आणि अर्ध्या गल्लीला त्यांनीच बोलावून आणलं होतं.

"पर गुण आला व्हता गं," त्या हळूच म्हणाल्या. "तुज्या तोंडावर आमी बघितला की."

"आला होता, आत्या. तो लेपातल्या औषधाचा. सोडलं की चेहरा पेटतो, म्हणून आपण सोडत नाही. मी तीनदा सोडलं आणि तीनदा परत आले, कारण मला वाटायचं आतलं विष निघतंय." तिनं चेहऱ्यावरची ओढणी काढली. गालांवर लेप लावूनही न गेलेले लाल चट्टे होते. "हे विष नाही. ही डबीची सवय आहे. मी आजपासून डॉक्टरांच्या हिशेबानं सोडतेय. तुमच्यापैकी कुणीही एकदम सोडू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. आणि लहान मुलांना लावत असाल तर उद्याच जा."

या सगळ्या गडबडीत माई मागच्या दारानं गेल्या होत्या. लेपाच्या डब्या तशाच राहिल्या. मृदुला डॉक्टरांनी त्यातल्या दोन तपासायला पाठवल्या. रिपोर्टमध्ये त्यांनी म्हटलं होतं तेच स्टिरॉइड निघालं, आणि सायलीनं छबूबाईंना साक्षीला घेऊन औषध प्रशासनाकडे तक्रार केली.

गोष्ट इथं संपली असं वाटतं, पण सायलीची खरी कसोटी पुढंच होती. दोन महिने तिचा चेहरा जळला. आरशापुढं ती दात घासून लगेच बाजूला व्हायची. कितीदा तरी वाटलं, एक बोटभर लेप, एकच दिवस. मग ती स्वतःला विचारायची, आत विष आहे हे मला कशानं ठाऊक? रुमालानं. आणि रुमाल तर खोबऱ्यावरही काळा झाला. एवढं आठवलं की हात मागे यायचा.

पाचव्या महिन्यातल्या एका सकाळी तिनं तोंडावर पाणी मारलं आणि काही झालं नाही. आग नाही, खाज नाही. ती नळाशी उभीच राहिली, पुन्हा पाणी मारलं, पुन्हा काही नाही. आता ती सौम्य फेसवॉशनं चेहरा धुते, डॉक्टरांनी सांगितलेलं साधं मॉइश्चरायझर लावते आणि उन्हात जाताना सनस्क्रीन. चेहरा काचेसारखा नाही. एखादं मुरूम येतं आणि आपलं आपण जातं.

साधेपणा चांगलाच. कमी वस्तू वापराव्यात, हेही खरं. पण साधेपणाचं नाव घेऊन कुणी बिननावाची डबी हातात देत असेल, तर आत काय आहे ते विचारावं. झाडपाल्याचं म्हणून काही निर्धोक ठरत नाही आणि कारखान्यातलं म्हणून काही विष ठरत नाही. आणि कुणी आपल्या अंगातून काही काढून दाखवलं, तर घाबरण्याआधी एवढंच म्हणावं: जिथं ते असूच शकत नाही, तिथं एकदा काढून दाखवा. तिथंही निघालं, तर ते आपल्यात होतं याला पुरावाच उरत नाही.