गाण्यातलं नाव

गाण्यांच्या कॅसेटी काढणाऱ्या साहेबा, तू मेलेल्या माणसाच्या खिशात हात घातलास. तुला वाटलं, त्याच्यामागं बोलणारं कोणी नाही. होती. भागीबाई होती.

पण नवऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, हे तिला आईनं शिकवलेलं. धम्मदीक्षेच्या साली घरानं देव सोडले, उपास सोडले. ही एक खोड तेवढी सुटली नाही. तुझं फावलं ते तिथंच.

नवरा नाशिकरोडला मालधक्क्यावर हमाली करायचा आणि गाणी रचायचा. शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायचा, रीतच ती. जयंतीला त्याचं एक गाणं व्हायचं, त्यात ते नाव आलं की बाया भागीबाईला कोपरानं ढोसायच्या. म्हणून बाकीचं गाणं तिच्या मनातून पुसलं गेलं, ते कडवं राहिलं. लेक चांगुणा पाळण्यात असताना तो मालगाडीच्या वाघिणीवरून पडून गेला. फोटो काढलेला नव्हता. गाण्यांची वही तर तुझा माणूस ‘छापून आणतो’ म्हणून आधीच घेऊन गेला होता.

दहा वर्षांनी, चौऱ्याऐंशी साली, विंचूरच्या एका लग्नात कर्ण्यावर त्याच गाण्याची चाल लागली. नाव यायच्या आत लाईट गेली. तेव्हापासून भागीबाईला एकच ध्यास. पोरीनं बापाचं नाव गाण्यात ऐकलं पाहिजे.

चांगुणाचा हात धरून ती मेनरोडवरच्या तिसऱ्या कॅसेटच्या दुकानात शिरली. पहिल्या दोघांनी हसून वाटेला लावलं होतं.

“मुखडा सांगा, मावशी,” दुकानदार सावळीराम म्हणाला.

“मुखडा ध्यानात नाय, भाऊ. शेवटचं हाय थोडं.”

“शेपटीवरून बैल ओळखू का मी? बरं, शेपटी तर शेपटी. म्हणा.”

भागीबाईनं पदर सावरला. “फुटली पाटी, तरी अक्षर शाबूत... म्हणे, तेच आपलं गणगोत.”

“कोण म्हणे?”

“म्हणे.”

“अहो, पण कोण?”

“ह्या पोरीचा बाप,” ती खाली बघत म्हणाली.

बाकावरचं गिऱ्हाईक खिदळलं. “उखाणा घ्या, मावशी! म्हणजे सापडेल.”

सावळीरामनं त्याला डोळ्यांनी गप्प केलं. “नाव राहू द्या. चाल तरी येते ना?”

चाल येत होती. ती गुणगुणली, आणि दोन ओळींतच सावळीरामनं मागच्या फळीवरून कॅसेट काढली. टेपात घातली. “लेकी, शाळेची वाट धर...” भागीबाईनं चांगुणाला पुढं ओढलं. “आता ऐक. आता येईल बघ.”

कडवं आलं.

“फुटली पाटी, तरी अक्षर शाबूत... शाहीर म्हणे, तेच आपलं गणगोत.”

“परत लावा, भाऊ.”

परत लावलं. परत शाहीर.

“शाहीर नाय!” भागीबाईचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. “तिथं मल्हारी हाय! मल्हारी म्हणे! मल्हारी!”

जन्मात पहिल्यांदा तिनं ते नाव घेतलं. गिऱ्हाईकानं मान खाली घातली. चांगुणा आईच्या तोंडाकडं बघतच राहिली.

सावळीरामनं वेष्टणावरची बारीक अक्षरं वाचली. “गीत, पारंपरिक.”

“म्हंजी?”

“म्हणजे... जुनं. कुणाचंच नाही.”

“कुणाचंच नाय?” तिनं चांगुणाला खांद्याला धरून त्याच्यापुढं उभं केलं. “मग ही कुणाची?”

सावळीरामनं टेपातून कॅसेट काढून तिच्यापुढं ठेवली. भागीबाईनं कॅसेट विकत घेतली. चोरीचा माल दाम घेऊन धन्यालाच विकलास, साहेबा. मग वेष्टणावरचा तुझा पत्ता दाखवून ती म्हणाली, “भाऊ, कागद घ्या. मी सांगते तसं लिवा. गोड करू नका.”

त्यानं लिहिलं:

“साहेब, मल्हारीचं गाणं तुम्ही पारंपरिकच्या नावावर केलं. हा पारंपरिक कोण? कुठल्या गावचा? कोणत्या धक्क्यावर पोती वाहत होता? त्याची बायको कोण, लेक कोण? समोर आणा, मी माफी मागते. नसेल, तर माझ्या माणसाचं नाव पुसायचा हुकूम कुणी दिला, ते लिहून कळवा. उत्तर पाहिजे.”