तोरामपाईची पेटी

मतदानासाठी कुणाला कुठे पाठवायचं याची यादी बुका शहरातल्या कचेरीत ठरली. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, होडीने दोन दिवस हेलकावे खात जावं लागेल अशा बेटावर धाडा, पण तोरामपाईला नको. पण शाळामास्तरला विचारायची पद्धत नाही. त्याला शिक्का मारलेला कागद येतो आणि तो निघतो.

तोरामपाईला मी सत्तावीस वर्षांपूर्वी एकदाच गेलो होतो. तेव्हा आमचं बेट वेगळं करायची लढाई चालू होती आणि मी एकवीस वर्षांचा होतो. आमच्या टोळीत बंदुका होत्या तीन. माझ्या वाट्याला फावडं आलं होतं. त्या गावचा बोनिफास नावाचा तरुण राजधानी मोरेस्बीहून आलेल्या सैन्याच्या छावणीत जाऊन आला, म्हणून आमच्या कमांडरने त्याला हेर ठरवलं आणि गावामागच्या डोंगरसोंडेवर नेऊन गोळी घातली. खड्डा मी खणला, वर माती मीच ओढली. गोळी माझी नव्हती, हे मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो आहे. कमांडर तीन वर्षांपूर्वी मधुमेहाने गेला. त्या दिवशी सोंडेवर बरोबर असलेला तिसरा त्याआधीच समुद्रात बुडाला होता. ती जागा माहीत असलेला जिवंत माणूस मी एकटाच उरलो होतो.

तर अशा गावी मी मतपेटी घेऊन पोचलो. बरोबर यादी सांभाळणाऱ्या दोन मुली आणि कोपाना नावाचा हवालदार. मतपत्रिकेवर दोनच चौकटी होत्या. पापुआ न्यू गिनीतच राहून जास्तीचे अधिकार घ्यायचे, की वेगळं होऊन स्वतंत्र देश करायचा. निकाल काय लागणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आदल्या दोन्ही गावांत तर आमची वरात काढली होती, बांबूचे पावे काय, नाच काय, म्हाताऱ्या पेटीला हार घालत होत्या.

तोरामपाईत कुणी उठलंसुद्धा नाही. गावची माणसं फणसासारख्या फळांच्या एका मोठ्या झाडाखाली गपचूप बसून होती, आणि मधोमध थेक्ला नावाची म्हातारी. बोनिफासची आई. जमीन तिची, तिच्या आईची, त्या आईच्या आईची. ती बसली की गाव बसतं.

तिच्या बहिणीची नात रफाएला स्वातंत्र्याच्या बाजूने प्रचार करणारी. नवा झेंडा अंगाला गुंडाळून ती सकाळपासून म्हातारीची मनधरणी करत होती.

"आजी, अख्खं बेट मतं टाकतंय. आपल्याच गावाची पेटी रिकामी गेली तर मी तोंड कुठे दाखवू?"

"आधी धुऊन ये. मग कुठे दाखवायचं ते बघू."

"त्रेसष्ट नावं आहेत गं आपली!"

"चौसष्ट होती," थेक्ला म्हणाली. "एक तुमच्याच माणसांनी कमी केलं. माझा पोर कुठे पुरलाय ते कुणीतरी सांगा, मग मी कागदाला हात लावीन. सत्तावीस वर्षं हेच सांगतेय. देश मागायला सगळे येतात. हे सांगायला एक येत नाही."

रफाएला माझ्याकडे वळली. "सर, तुम्ही तरी समजवा."

"मतदाराला काही सांगायची आम्हाला मनाई आहे," मी म्हणालो. नियमांचं पुस्तक त्या दिवशी मला देवासारखं पावलं. मी त्यात डोकं घालून बसलो.

दोन वाजले. चारला पेटी बंद करायची होती. गाव मत देणार नसलं तरी पाहुणे ते पाहुणे, म्हणून थेक्लाने सुपारी पाठवली, मिरवेलीच्या कोवळ्या शेंगा पाठवल्या आणि तिचा स्वतःचा चुना ठेवायचा पोकळ भोपळा पाठवला. मुलींनी घेतलं. कोपानाने तर काडी तीनदा बुडवली. मी सुपारी घेतली, शेंग घेतली आणि भोपळा पुढे सरकवला.

आमच्याकडे सुपारी कुणाचीही खावी. चुना मात्र ज्या घराशी मन साफ असेल त्याच घरचा घ्यावा. खोट्या मनाने दुसऱ्याच्या चुन्यात काडी घातली तर तोंड सडतं, असं माझी आई सांगायची. मी शाळेत विज्ञान शिकवतो. तरी ती काडी माझ्याच्याने हातात धरवेना. नुसती बुडवून झटकून टाकली असती तरी कुणाला कळलं नसतं, पण ते सुचायला डोकं ठिकाणावर लागतं. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही.

थेक्ला त्या दिवसात पहिल्यांदाच उठली आणि टेबलाशी आली.

"मास्तर, तोंड लाल आहे तुझं. चुना खातोस ना?"

"खातो, मावशी."

"मग माझ्या चुन्यात काय वाईट आहे?"

मी नियमांचं पुस्तक पुन्हा उघडलं. तिने माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. रफाएला म्हणाली, "आजी, सरांना पित्त झालं असेल." तिला थेक्लाने हातानेच गप्प केलं.

"आधी आला होतास या गावात?"

खोटं बोलता आलं असतं. साडेतीनला सामान आवरायला घेतलं असतं, संध्याकाळी नदीपलीकडे पोचलो असतो, आणि नंतर मेलो असतो की बोनिफासची जागाही माझ्याबरोबर गेली असती. मला भीती वाटत होती. झाडाखाली बसलेल्या प्रत्येक पुरुषाजवळ कोयता होता. पण तिने विचारलं होतं, आणि आता पुन्हा विचारायला ती किती वर्षं जगणार होती?

"आलो होतो. ब्याण्णव साली," मी म्हणालो. "खड्डा मी खणला, मावशी. जागा मला माहीत आहे."

एक जण कोयता घेऊन उठला. थेक्लाने मागे वळूनही पाहिलं नाही. "खाली बस रे. याला तोडलास तर मला दाखवणार कोण?" मग मला म्हणाली, "ऊठ. दाखव."

"आत्ता? पेटी टाकून मला हलता येत नाही. नियम आहे."

"सत्तावीस वर्षं थांबले, आता पेटीसाठी थांबू?"

कोपाना डोकं खाजवत पुढे आला. "सर, तुम्ही पेटीजवळ पाहिजे, असं पुस्तकात आहे. पेटी टेबलावरच पाहिजे असं कुठे आहे?"

ते पुढच्याच पानावर होतं. मी ते वाचलेलं होतं. मी पुस्तक मिटून खिशात घातलं.

मग आमची वरात निघाली, पण पावे नव्हते. पुढे मी, मागे थेक्ला, तिच्यामागे डोक्यावर सीलबंद पेटी घेतलेला कोपाना, यादी आणि शाईची बाटली छातीशी धरलेल्या मुली, आणि मग सगळं गाव. अर्धा तास चढ. एक जंगली बदाम आणि त्याच्या पायथ्याशी जोडीने पडलेले दोन धोंडे, एवढी खूण माझ्या डोक्यात होती. बदाम कधीच पडला होता, पण धोंडे जागेवर होते. थेक्लाने कुणाच्या तरी हातातलं फावडं घेतलं आणि माझ्यासमोर धरलं. दुसऱ्या कुणाला तिने हात लावू दिला नाही.

खड्डा खोल नव्हता. तेव्हा आम्हाला घाई होती. कमरेइतकं खाली गेल्यावर फावडं टाकून मी हाताने माती काढायला लागलो, आणि बोनिफास सापडला. बायकांनी गळा काढला. थेक्ला रडली नाही. ती खड्ड्याच्या काठावर बसली आणि मी वर दिलेलं एकेक हाड लुगड्याला पुसून मांडीवर ठेवत गेली.

"मला हिवताप होता तेव्हा," ती म्हणाली. "सैन्याच्या नाकेबंदीत औषध मिळत नव्हतं. गोळ्या आणायला गेला होता तो छावणीत. हेरगिरीला नाही."

"त्याने तसं सांगितलं होतं. त्याच्या खिशात गोळ्या होत्या."

"कुठे गेल्या त्या?"

"मलाही ताप होता, मावशी. मी खाल्ल्या."

"बरा झालास?"

"झालो."

"हं," ती म्हणाली आणि पुढच्या हाडासाठी हात पुढे केला. तिने मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. कोपाना घड्याळ दाखवायला धजत नव्हता, नुसताच मनगट खाजवत होता. थेक्लानेच विचारलं, "चारला बंद करता ना रे? मग पेटी आणा इकडे. मी शब्द दिला होता."

मतदानाचा पुठ्ठ्याचा आडोसा खालीच राहिला होता. रफाएलाने अंगावरचा झेंडा काढला, पण थेक्लाने तिच्याकडे नुसतं पाहिलं. मग एका बाईने आपलं साधं लुगडं दोन झुडपांना बांधून आडोसा केला. यादीत नाव सापडलं, बोटाला शाई लागली, कागद हातात आला.

"मला लिहिता येत नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मदतीला माणूस घेता येतो ना? हा चालेल."

हाताला माती तशीच होती. ती पुसून मी आडोशामागे गेलो, कागद धोंड्यावर पसरला आणि पेन्सिल हातात घेतली.

"कुठे खूण करू, मावशी?"

"बोनिफासने कुठे केली असती?"

मी पेन्सिल कागदावरून उचलली.

"मारलंत त्याला आणि एवढंही विचारलं नाहीत? वेगळं व्हायचं म्हणायचा तो. रोज चुलीपाशी बसून माझं डोकं खायचा. आपला देश, आपली खाण, आपली नदी. मी म्हणायची, गप जेव. एवढ्यावरून भांडायचो आम्ही." तिने शाई लागलेलं बोट दुसऱ्या चौकटीजवळ नेलं. "इथेच ना स्वातंत्र्य? कर. ही खूण त्याची."

"आणि तुमचं मत?"

"माझं? राहावं तिकडेच, असं आहे माझं. तुमच्यासारख्यांच्या हाती राज्य द्यायची भीती वाटते मला." तिने माझ्या हाताखालच्या कागदाकडे पाहिलं. "पण कागद एकच दिलायस."

मी खूण केली. तिने कागदाची घडी घातली, तो स्वतःच्या हाताने पेटीत टाकला आणि परत काठावर जाऊन हाडं कापडात बांधायला बसली. मागे बासष्ट जण रांगेत उभे राहिले होते.